मालनआक्काचा पडसाद

मालनआक्का उत्तरं साठवून ठेवायची. दुसऱ्या बायका माहेरवाशिणीसाठी शेवया-कुरडया डब्यात झाकून ठेवतात, तशी ती वर्षाचं सुखदुःख मनात राखून ठेवायची. माघात रानातली हळद निघाली, गावभर हळद शिजवायच्या काहिलींतून वाफा उठू लागल्या, की शर्वरी यायची. मग मालनआक्का हात धुवायची. धुऊन काही उपयोग नसायचा, वखारीत हळकुंडं निवडून निवडून ते हात बारमाही पिवळे. पदराला हात पुसत ती चौकटीतूनच म्हणायची, "आलीस व्हय गं? बस. यंदा लई सांगायचंय तुला."

शर्वरी गुरव पुण्याच्या एका संशोधन संस्थेत कामाला होती. माणसं म्हातारपणी कुणाच्या आधारानं जगतात, हे शोधणारा एक लांबलचक अभ्यास संस्थेनं हाती घेतला होता. त्याचं नाव 'सोबत'. तीच घरं, तेच प्रश्न, दरवर्षी. एकदाच विचारलं तर माणसाचा फोटो मिळतो. वर्षामागून वर्ष विचारत राहिलं तर त्याची चाल कळते. घरं आकड्यांच्या सोडतीतून निवडलेली. सांगली जिल्ह्यातल्या कडवळे गावातून निघालं ते मालन बाबरचं घर.

शर्वरी पहिल्यांदा आली तेव्हा नुकती शिकून बाहेर पडली होती. ओढणी सावरत, घाबरत घाबरत तिनं प्रश्न वाचले होते, आणि मालनआक्का म्हणाली होती, "दमानं इच्यार बाय. मी काय पळून जात न्हाई."

आता शर्वरीच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं. मधल्या काळात तिची आई गेली, लग्न झालं, मोडलं. यातलं काहीच मालनआक्काला सांगायचं नव्हतं, कारण विचारणाऱ्यानं आपलं सांगू नये असा नियम. तरी ज्या वर्षी आई गेली, त्या वर्षी आक्कानं प्रश्न सुरू होण्याआधी तिच्या पुढ्यात हुलग्याचं माडगं ठेवलं आणि म्हणाली, "पी आधी. प्रश्न काय उतू जात न्हाईत." काय झालं हे तिनं विचारलं नाही. शर्वरीनं सांगितलं नाही. माडगं मात्र दोनदा घेतलं.

एकदा शर्वरीनं तिला 'भार' समजावला होता. "आक्का, सगळ्यांना विचारणं जमत नाही. म्हणून एकीला विचारायचं, आणि तिच्यासारख्या हजारो बायांच्या वतीनं तिचं उत्तर मोजायचं. तुमच्या एका शब्दात तेवढ्या बायांचा शब्द आहे."

"हजारो बाया माझ्या खांद्यावर?" मालनआक्का कंबरेवर हात ठेवून हसली. "तरीच गं. मी म्हणते, कंबार का दुखती!"

*

पडसाद आला तो मिलिंद गवईमुळे. मिलिंद संस्थेतला गणिती. वयानं शर्वरीपेक्षा लहान, तिला ताई म्हणणारा, डब्यातली भाजी न विचारता उचलणारा.

"ताई, दारं मिटत चाललीत," तो म्हणाला. हे खरंच होतं. शहरांत आता कुणी प्रश्न विचारणाऱ्याला आत घेत नव्हतं. फोनवरून फसवणारे इतके झाले होते, की खरा संशोधकही चोर वाटायचा. जी थोडी माणसं उत्तरं द्यायची, ती न देणाऱ्यांसारखी नसायची. मग त्यांच्यावरून बाकीच्यांचं काय सांगणार? सगळ्या अभ्यासांचा पायाच खचत चालला होता.

"पण आपल्याकडं सोबतचा खजिना आहे," मिलिंद म्हणाला. "तीच माणसं, इतक्या वर्षांची उत्तरं, आवाजासकट. कुठं थांबली, कुठं हसली, कुठल्या प्रश्नाला घुटमळली, सगळं. ते सगळं यंत्राला शिकवलं. शिवाय त्यांच्यासारख्या इतर हजारोंचं. आता नवा प्रश्न टाकला, तर ते माणूस काय म्हणालं असतं, ते यंत्र सांगतं. माणूस नाही हां हे. त्याचा पडसाद म्हणा, अंदाज आहे. पण फार जवळचा."

"आणि माणूस बदललं तर?"

"माणसं आपल्याला वाटतं तेवढी बदलत नाहीत ताई. आणि बदलतात तीही ठरावीक वाटांनी. वय वाढतं, सून येते, गुडघे जातात. त्या वाटा यंत्राला ठाऊक आहेत. बरं, ऐका तरी."

त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. खोलीत आवाज आला, "आलीस व्हय गं? बस."

शर्वरीनं दाराकडं मान वळवली. मिलिंद लहान मुलासारखा तिच्याकडं बघत होता, शाबासकी मिळेल म्हणून.

यंत्र खरं की खोटं, हे ठरवायला एक शेवटची फेरी ठरली. त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे, आणि पडसादाची उत्तरं माणसाच्या उत्तरांशी ताडून बघायची. जुळली, तर घरोघरी जाणं बंद. पडसादालाच विचारायचं, दर महिन्याला, वाटलं तर दर दिवसाला. पूर्वी प्रश्न संपल्यावर संशोधक डोळ्यांनी दिसलं ते चार ओळींत लिहायचा: चूल, अंगण, दारातल्या चपला. या फेरीत ते वगळलं. यंत्राला डोळे नव्हते, तेव्हा बरोबरी बोललेल्या शब्दांचीच व्हायची. आणि एक नियम पक्का: न जुळल्यास काय, जुळल्यास काय, हे उत्तर देणाऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की उत्तर वाकतं.

शर्वरीनं मान डोलावली. मनात मात्र एकच पाप धरलं. जुळू नये. निदान एका घरी तरी जुळू नये.

*

माघातलीच दुपार होती. मालनआक्का दारात नव्हती. शेजारच्या भिंतीवरून शकिलाभाभीनं डोकं वर काढलं. हळद-पोलिशच्या कारखान्यातून आलेली, ओढणीपासून भुवयांपर्यंत हळदीनं माखलेली.

"आली का गं मालन, तुझी पुण्याची लेक?" तिनं हाळी दिली. "आता मालन काय आठवडाभर जमिनीवर चालायची न्हाई."

"तुज्या पोटात का दुखतंय?" आतून आवाज आला.

मालनआक्का बाहेर आली. वाळली होती. शर्वरीनं ते पाहिलं. पाट मांडताना आक्कानं भिंतीचा आधार घेतला, तेही पाहिलं. चहाचं आधण ठेवता ठेवता आक्का स्वतःशीच गुणगुणली,

"पुसणारी आली दारी, तिला बसाया देते पाट
तिच्या एका गं प्रश्नासाठी, वरीसभर बघते वाट"

"हे नवीन दिसतंय," शर्वरी म्हणाली.

"आत्ताच झालं. तुज्यापायी," आक्का म्हणाली.

मग शर्वरीनं संमतीचा मजकूर वाचला. माणसाला अंधारात ठेवून काही विचारायचं नाही, हा तिच्या विद्येचा पहिला धडा. "तुम्ही या खेपेला द्याल त्या उत्तरांची, तुमच्या आधीच्या उत्तरांवरून तयार केलेल्या उत्तरांशी तुलना केली जाईल."

मालनआक्काच्या हातातली कपबशी थांबली. "म्हंजी मी शब्द फिरवती का, हे बघणार?"

"तसं नाही आक्का. तुमची नाही, यंत्राची परीक्षा आहे."

"यंत्र कुणाचं?"

"आमचंच."

"मग परीक्षा तुजीच की गं." आक्कानं कपबशी खाली ठेवली. "आन् न्हाई जुळलं तर? तुजं येणं बंद हुणार का?"

शर्वरीच्या घशाशी उत्तर आलं. उलटं आहे आक्का, जुळलं तर बंद होणार. ओठ उघडलेसुद्धा. पण तिच्या आयुष्यात नियमाइतकं निष्ठेनं तिनं दुसरं काही पाळलं नव्हतं. "ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

मालनआक्का तिच्याकडं बघत राहिली. नापास होऊन घरी आलेल्या पोरीकडं आई बघते तसं. मग पदर खोचून ताठ बसली.

"इच्यार."

प्रश्न सुरू झाले. एरवी आक्काची उत्तरं ओढ्यासारखी वाहायची. एका प्रश्नाला लेकाचा, दत्तूचा ट्रक यायचा, सुनेचं, अश्विनीचं गाणं यायचं, नातीचा पडलेला दात यायचा. आज ती नेमकं तेवढंच बोलत होती. थांबून, आठवून, पाठ केलेलं म्हणावं तसं.

"संध्याकाळचं जेवण कुणाबरोबर होतं?"

"सुनंबरुबर, नातीबरुबर. एका ताटात."

"आजारी पडलात तर पाणी कोण देतं?"

"सून देती. दत्तू फोन करतो."

शर्वरीची नजर नको म्हणत असतानाही फिरली. चुलीत राख थंड होती. मांडणीवर एकच ताट उभं होतं. खुंटीवर नातीचं दप्तर नव्हतं.

"अश्विनी कुठाय, आक्का?"

"माह्यारी गेलीया. येईल सांजच्याला."

आणखी एकदा विचारावं, असं शर्वरीच्या जिभेच्या टोकावर आलं. पण उत्तर एकदा दिलं की ते उत्तर. खोदून विचारणं म्हणजे हवं ते वदवून घेणं. तिनं पुढचा प्रश्न घेतला.

निघताना मालनआक्का वेशीपर्यंत आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. "जुळंल न्हवं समदं?" तिनं विचारलं.

"जुळेल," शर्वरी म्हणाली. बस हलेपर्यंत पिवळा हात उंच उभा होता.

*

जुळलं. सगळ्या राज्यात सर्वांत चांगलं जुळलं ते कडवळ्यात. मिलिंदनं पेढे आणले. "तुमची आक्का तर कमालच आहे ताई! शब्दाला शब्द. मला वाटलं यंत्रच गेलं होतं पाटावर बसायला."

शर्वरीनं पेढा घेतला. गोड लागला नाही, पण खाल्ला.

फेऱ्या बंद झाल्या. पडसादांना रोज प्रश्न जाऊ लागले आणि रोज उत्तरं येऊ लागली. सरकारनं त्या वर्षी 'सांजघरं' काढायचं ठरवलं: एकट्या म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी एकत्र बसून गरम जेवावं, अशी घरं. कुठं काढायची, हे पडसादांना विचारून ठरलं. मालन बाबरच्या पडसादानं सांगितलं, सुनेबरोबर, नातीबरोबर, एका ताटात. तिच्या भाराच्या हजारो बायाही मग हिशेबात सुनेबरोबर जेवल्या. त्या पट्ट्यात सांजघर निघालं नाही. गरजच नव्हती.

शर्वरीला टेबलावरचं काम मिळालं. पहिल्या माघात तिच्या पायांना वाट आठवली, पण जायला कारण नव्हतं. उत्तर देणाऱ्याच्या घरी कामाशिवाय जाणं नियमात बसत नव्हतं. मग ती दुपारी, आजूबाजूला कुणी नसताना, पडसाद लावू लागली.

"कसं चाललंय आक्का?"

"ब्येस चाललंय बाय. तुजं सांग."

आणि शर्वरी सांगायची. आईचं सांगितलं. मोडलेल्या लग्नाचं सांगितलं. खऱ्या आक्काला जे सांगायला बंदी होती, ते सगळं सांगितलं. पडसाद हुंकार द्यायचा, अगदी जागच्या जागी. बरं वाटायचं. आक्का सुखात आहे, एका ताटात जेवते आहे, हे ऐकून आणखी बरं वाटायचं. असा एक माघ गेला, दुसराही आला.

एके दिवशी तिनं सहज विचारलं, "आक्का, माझी आठवण येते का हो?"

पडसाद क्षणभर थांबला. मालनआक्का थांबायची तेवढाच. मग हसून म्हणाला, "आठवण यायला काय झालं गं? वर्साला येतीस न्हवं तू."

शर्वरीचा हात पडद्यावर तसाच राहिला. या आवाजाला ती येत होती तेवढंच माहीत होतं. ती यायची थांबली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हे जर त्याला ठाऊक नसेल, तर...

तिनं पिशवी उचलली आणि स्वारगेट गाठलं.

*

कडवळ्यात काहिली पेटल्या होत्या. वाफेतून वाट काढत ती दारापाशी आली. दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज.

भिंतीवरून शकिलाभाभीचं डोकं वर आलं. या वेळी तिनं चेष्टा केली नाही.

"उशीर केलास गं," ती म्हणाली.

मालनआक्का दिवाळी सरता सरता गेली होती. फार आजारी नव्हती. एकटीसाठी चूल कशाला पेटवायची, म्हणून दिवसाचे दिवस चहावर काढायची. एके सकाळी दार उघडलं नाही.

"एकटीसाठी?" शर्वरी म्हणाली. "अश्विनी?"

"दत्तू गेला की अपघातात. तू शेवटची आलीस त्याच्या आधीच्या पावसाळ्यात. सून लेकराला घेऊन सांगलीला ऱ्हायली, तिथंच कामाला लागली. तिचा तरी काय दोष?"

शर्वरी दाराच्या पायरीवर बसली. म्हणजे त्या दुपारी, त्या थंड चुलीपुढं बसून, 'दत्तू फोन करतो' असं ती बाई म्हणाली होती. आवाज न हलवता.

"मी म्हटलं तिला," शकिलाभाभी भिंतीला वळसा घालून आली आणि शेजारी टेकली. "खरं का सांगितलं न्हाईस म्हटलं, त्या पोरीला? तर म्हणली, 'शकिले, माजं जुनं आन् नवं जुळायला पायजे हुतं. न्हाई जुळलं तर तिला काढतील. मग माघात कोण यील माज्या दारात? लेक गेला त्ये सांगून काय लेक परत यीना. ही तर यीत जाईल.' आन् मग बसली गं वाट बघत. पहिल्या माघात पाट धुऊन ठेवला. म्हणली, मोठी सायबीण झाली आसंल, कामात आसंल. दुसऱ्या माघापतूर काय टिकली न्हाई."

शर्वरी रडली नाही. रडू यायला आत काही तरी उभं असावं लागतं. त्या दोघी एकाच गोष्टीसाठी झटल्या होत्या. एकीनं मनात धरलं होतं, जुळू नये. दुसरीनं पोटचं दुःख गिळून जुळवलं होतं. मधे होता तो एक न उच्चारलेला शब्द, आणि तो शर्वरीनं मोठ्या निष्ठेनं गिळला होता.

तिनं मिलिंदला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "ताई, तो संमतीचा मजकूर... तो तर सगळ्याच घरांत वाचला होता ना?"

"सगळ्याच."

"म्हणजे आणखी किती जणांनी..." त्याचा आवाज अर्ध्यात विरला. जुळणारा प्रत्येक आकडा आता त्याच्या डोळ्यांपुढं उभा असणार. कोणता खरा, कोणता मायेचा, हे सांगायला त्याच्या गणितात जागा नव्हती. "मी वर सांगतो. चाचणी रद्द करायला लावतो. सांजघरांचंही पुन्हा... ताई, पण तोवर तिचा पडसाद बंद करावा लागेल. आजसुद्धा उत्तर दिलंय त्यानं. मी करू का?"

"नको. मी करते."

पडसाद बंद करायला संशोधकानं स्वतःच्या आवाजात दोनच शब्द बोलायचे असतात. शर्वरीनं फोन तोंडाजवळ नेला. पलीकडून आलं, "आलीस व्हय गं?"

"उत्तरदात्री मृत," शर्वरी म्हणाली.

आवाज गेला. त्याच्याबरोबर हजारो बाया कुणाच्याच खांद्यावर उरल्या नाहीत.

वाफ आता अंगणापर्यंत आली होती. शकिलाभाभी उठली. "चल, घास खाऊन जा. खर्डा हाय, भाकरी हाय."

"तुमच्याकडं कधी कुणी विचारायला आलं नाही ना, भाभी?"

"माजं घर कुठं निघालं सोडतीत? मी आपली भिंतीवरनं बघायची. तू यायचीस, मालनशी बोलायचीस, माज्या दारावरनं जायचीस." तिनं ओढणीनं पायरीवरची धूळ झटकली. "आमचं दोघींचं रोजचं ठरल्यालं. सांजच्याला मी इचारायची, जेवलीस का गं? ती म्हणायची, जेवले. मग ती इचारायची, तू? मी म्हणायची, मीबी जेवले."

"आणि जेवलेल्या असायचात?"

"जेवायचे की."

शर्वरीनं मान हलवली. उत्तर मिळालं होतं. एरवी ती इथं थांबली असती. ती सरकून शकिलाभाभीच्या जवळ बसली.

"भाभी, खरंच जेवलेल्या असायचात?"

शकिलाभाभी मधल्या भिंतीकडं बघत राहिली. पुरुषभर उंचीचीही नव्हती ती भिंत. एका हातानं ताट पलीकडं देता आलं असतं.

"हे तू लिवून घेणार हाईस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग सांगते," ती म्हणाली.